बाबासाहेबांनी निवडलेले विषय

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी कुरवंड्याचा माणूस शक्यतो घराबाहेर पडत नाही. भुशी धरणापासून टायगर पॉइंटपर्यंत पुण्या-मुंबईच्या गाड्यांची जी रांग लागते तिच्यात एकदा सापडलं, की लोणावळ्याच्या बाजारातून कोथिंबिरीची जुडी आणायलाही अर्धा दिवस मोडतो. अशाच एका शनिवारी पाऊस दणकून लागलेला असताना शेजारची मुलगी दारात छत्री उपडी करून आत आली. पुण्यात ती कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला आहे. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेला कॉलेजचा कागद होता. सक्तीचे विषय आहेतच, पण आता ऐच्छिक विषय निवडून द्यायचे होते. घटनेचा कायदा, गुन्ह्यांचा कायदा, बौद्धिक संपदा असे एकेक गट, आणि व्यापारी कायद्याचा एक वेगळा गट. त्यात बँकिंग, विमा, दिवाळखोरी वगैरे. तिला कंपन्यांचं काम करणारी वकील व्हायचं आहे. मी बँकेत होतो, तेव्हा मला यातलं कळत असणार, असा तिचा समज.

तिच्या वडिलांचं टायगर पॉइंटवर भजी-कणसांचं दुकान आहे. लेकीनं सरकारी वकील व्हावं असं त्यांना वाटतं. पगार ठरलेला आणि गावात मान. वाट धरण्याआधी घाट कुठे उतरतो ते बघावं, नाहीतर कारतलबखानासारखी गत होते, असं ते म्हणतात. १६६१ साली खान याच कुरवंडे घाटानं फौजेसह खाली उतरला आणि उंबरखिंडीत कोंडला गेला. या गावात इतिहास असा बोलण्यात येतो.

पण मुलीच्या मनात कंपन्यांचं काम का, ते मला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी या घराची दीड एकर जमीन बंगल्यांसाठी गेली. साठेखत इंग्रजीत, कुलमुखत्यारपत्र इंग्रजीत, समोरच्या बाजूला सूटबूटवाले दोन वकील आणि या बाजूला भज्यांचा घाणा सोडून आलेला बाप. सह्या झाल्या. पैसे हप्त्यानं मिळायचे होते. शेवटचे दोन हप्ते आले नाहीत, आणि ते का येणार नव्हते हे त्याच कागदाच्या अकराव्या पानावर लिहिलेलं होतं. ते पान ही मुलगी तेव्हा शाळेत होती म्हणून वाचू शकली नाही.

मैत्रिणींनी तिला सांगितलं होतं, की कंपनी कायदा आणि कर एवढंच धर, बाकीचे विषय म्हणजे वेळेचा अपव्यय. मी लगेच काही बोललो नाही. उठून फळीवरचा एक जाडजूड खंड काढला. महाराष्ट्र शासनानं बाबासाहेब आंबेडकरांचं इंग्रजी लेखन आणि भाषणं खंडश: छापली आहेत, त्यांतला हा बारावा. वसंत मून यांनी संपादित केलेला, १९९३ सालचा. तिला जरा नवल वाटलं. बाबासाहेब म्हणजे घटना. व्यापारी कायद्याशी त्यांचा काय संबंध?

या एका बांधणीत दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. एक, १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी लिहिलेला प्राचीन भारतातल्या व्यापारावरचा प्रबंध. दुसरी, त्यांच्या कागदपत्रांत सापडलेली कायद्याची टिपणं. ती भव्य विषयांवर नाहीत. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा, विश्वस्तांचा कायदा, मुदतीचा कायदा, विशिष्ट अनुतोषाचा म्हणजे करार मोडणाऱ्याकडून तो पुरा करून घेण्याचा कायदा, पुराव्याचा कायदा. बँकेत ज्यानं कर्जाच्या फायली हाताळल्या आहेत त्याला ही नावं वाचून घरच्यासारखं वाटतं.

त्यांचं चरित्र मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. महूचा जन्म, १८९१. वडील रामजी सुभेदार. एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली मॅट्रिक. पण विषयांच्या बाजूनं हे चरित्र फारसं कुणी वाचत नाही. पहिली निवड त्यांनी केलीच नाही, ती त्यांच्यावर लादली गेली. शाळेत संस्कृत घ्यायचं होतं; अस्पृश्य म्हणून मिळालं नाही, फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वत:च्या कष्टानं मिळवलं. एखादा विषय नाकारला जाणं म्हणजे काय, हे त्यांना कोवळ्या वयात कळलं होतं. म्हणूनच की काय, न्यूयॉर्कला पोचल्यावर विषय घेण्याच्या बाबतीत त्यांनी जी हावरेपणाची कमाल केली तिला तोड नाही.

१९१३ च्या फेब्रुवारीत वडील गेले. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी करण्याचा करार. (एका अर्थी तो त्यांचा पहिला मोठा करार, आणि तोच त्यांना पुढे नडला.) कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मनचे प्राथमिक वर्ग एकेक. बेरीज साठ. सार्वजनिक वित्ताचे प्राध्यापक सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्युई असे गुरू होते. १९१६ च्या मे महिन्यात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला, आणि त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा प्रबंधही पुढे केला.

या साठांत वकिलीच्या परीक्षेला उपयोगी पडेल असं फारसं काही नाही, हे मी मुलीला दाखवलं. कायदा आला तो नंतर, १९१६ च्या अखेरीस, लंडनमध्ये. एकीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, दुसरीकडे बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये. म्हणजे पैसा कसा जन्मतो, कर कुणाच्या खिशातून निघतो, जमिनीचे तुकडे का पडतात हे आधी. आणि त्या सगळ्याला बांधणारी दोरी नंतर. माझ्या मते हाच क्रम बरोबर आहे. नोकरीत मला असे हुशार वकील भेटले, की ज्यांना कंपनी कायद्याची कलमं आकड्यांसकट पाठ, पण ताळेबंद समोर ठेवला तर येणी कुठली आणि देणी कुठली यात घोटाळा.

लंडनचा अभ्यास अर्ध्यावर राहिला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परत यावं लागलं. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी त्यांनी मिळवून ठेवली. पुस्तकांचं सामान वेगळ्या बोटीनं निघालं होतं, ती पाणतीराला बळी पडली. बडोद्याला करारानुसार हजर झाले तर गावात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही काठ्या घेतलेल्या जमावानं बाहेर काढलं. कमाठी बागेतल्या झाडाखाली बसून त्यांनी ती वेळ काढली, हे त्यांनी स्वत: लिहून ठेवलं आहे आणि तेही याच बाराव्या खंडात आहे. करार दहा वर्षांचा; पण ज्या गावात झोपायला जागा नाही तिथे तो पाळायचा कसा, याचं उत्तर कुठल्याच कलमात नव्हतं.

मुंबईला परतल्यावर त्यांनी जे केलं ते फार थोड्यांना आठवतं. शेअरबाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढी काढली. शिकवण्या चालू होत्याच, त्याला ही जोड. अर्थशास्त्राचे २९ पेपर आणि पेढ्यांनी गजबजलेली मुंबई. यात न चालण्यासारखं काय होतं? सुरुवातीला बरं चाललं. मग सल्ला देणारा महार आहे ही बातमी पसरली आणि गिऱ्हाईक आटलं. पेढी बंद. या प्रसंगाशी मी नेहमी अडखळतो. देवळात शिवू दिलं नाही, पाण्यावर जाऊ दिलं नाही, हे आपण वाचलेलं असतं. पण शेअर घ्यावा की विकावा, एवढ्या कोरड्या सल्ल्यालासुद्धा विटाळ व्हावा! पैशाला जात नसते असं बँकेत आम्ही सहज म्हणायचो. हा प्रसंग वाचल्यापासून मी ते म्हणत नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राची प्राध्यापकी मिळाली, साडेचारशे रुपयांवर. पगारातून काटकसर करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या कोलंबियातल्या पारशी मित्रानं पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि १९२० च्या जुलैत ते पुन्हा लंडनला निघाले. परवानगीच्या चार वर्षांतलं एकच काय ते उरलं होतं. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी सुधारून मागितला. तो मुंबईहून पुन्हा पाठवला, १९२३ च्या अखेरीस पदवी आली आणि डिसेंबरात पुस्तकही. इकडे परळला चाळीतल्या खोलीत रमाबाई संसार ओढत होत्या. पाच मुलांपैकी एकटे यशवंत जगले. विषय निवडण्याच्या गोष्टी सांगताना हा खर्च कुठल्या खात्यात लिहायचा, मला समजत नाही.

आता मुलीचा खरा प्रश्न येतो. इतकी तयारी केलेला माणूस १९२३ च्या जुलैत मुंबई हायकोर्टात उभा राहिला. सनदेचे पैसेही भथेनांकडून घ्यावे लागले होते. मुद्रा, कर, व्यापार आणि वर इंग्लंडची बॅरिस्टरी अशी शिदोरी असलेले वकील तेव्हा मुंबईत असे किती असतील? व्यापाऱ्यांनी त्यांच्या दारात रांग लावायला हवी होती. ती लागली नाही, आणि का लागली नाही हे समजण्यासाठी हायकोर्टाची तेव्हाची रचना माहीत हवी. कंपन्या, जहाजं, विमा, कापसाचे सौदे यांचे मोठे दावे चालायचे ओरिजिनल साइडला. तिथे पक्षकार थेट वकिलाकडे जात नसे. मध्ये सॉलिसिटर. सॉलिसिटरनं ब्रीफ पाठवली तरच बॅरिस्टरनं उभं राहायचं. ही दुहेरी पद्धत १९७६ च्या कायदादुरुस्तीनंतर गेली. सॉलिसिटरांच्या पेढ्या ओळखीपाळखीवर चालणाऱ्या. त्यांच्या कचेऱ्यांत आंबेडकर नावाच्या बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला कुणी तयार नव्हतं. म्हणून ते अपील शाखेकडे वळले, ठाण्या-नागपूरकडच्या कोर्टांत गेले, गरिबांचे फौजदारी खटले घेतले.

हे ऐकून मुलगी गप्प झाली. मग तिनं विचारलं, की तसं असेल तर विषय कुठले घेतले यानं फरक काय पडतो? प्रश्न बिनतोड होता. मोठ्या लॉ फर्ममध्ये इंटर्नशिप कुणाला मिळते हे ती दोन वर्षं बघते आहे. मी तिला खोटा धीर दिला नाही. विषय दार उघडत नाहीत. पण पुढे काय झालं तेही सांगितलं.

वकिलीवर घर चालेना म्हणून जून १९२५ पासून बाबासाहेब बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ शिकवू लागले. विषय होता मर्कंटाइल लॉ. मार्च १९२८ पर्यंत हे चाललं. ज्या व्यापारी कायद्याच्या दिवाणखान्यात त्यांना प्रवेश नव्हता, तोच कायदा ते उद्याच्या हिशेबनिसांना फळ्यावर शिकवत होते. तेव्हा या विषयाचा पसारा आजच्याइतका नव्हता. १८७२ चा करार कायदा हा त्याचा कणा. मालाची विक्री आणि भागीदारी हे दोन्ही त्याच्याच पोटात होते. विक्रीचा कायदा वेगळा झाला १९३० ला, भागीदारीचा १९३२ ला. हुंड्या, धनादेश आणि वचनचिठ्ठ्यांसाठी १८८१ चा कायदा, कंपन्यांसाठी १९१३ चा. आज कंपन्यांचा कायदा दोनदा नव्यानं लिहून झाला, १९५६ ला आणि २०१३ ला. करार कायदा मात्र अजून १८७२ चाच आहे. मुलीनं इथे कागदावर पेन्सिलीनं काहीतरी खूण केली.

त्याच काळात, १५ डिसेंबर १९२५ ला, चलनाच्या प्रश्नासाठी नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. सॉलिसिटर ज्याला ब्रीफ देत नव्हते त्याला साम्राज्याचं कमिशन रुपयाबद्दल विचारत होतं. रिझर्व्ह बँक त्यांच्या पुस्तकातूनच जन्मली असं हल्ली सरसकट सांगतात. बँकवाला म्हणून मी इतकं ताणणार नाही. या कमिशनची १९२६ ची शिफारस, १९३४ चा कायदा आणि १९३५ ची स्थापना या मधल्या पायऱ्या आहेत. पण रुपया किती पाडायचा हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये, हा त्यांचा मुद्दा आजही कुठल्याही शाखाधिकाऱ्यानं वाचावा असा आहे.

आणि महाडचं तळं. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामागून आलेला दिवाणी दावा फार थोड्यांना. तळं खाजगी आहे, अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याचा पूर्वापार रिवाज आहे, असं म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी कोर्टात दावा लावला. प्रतिवादींत स्वत: आंबेडकर. समतेवर भाषण करून हा दावा जिंकता येणार नव्हता. जमीन कुणाची, तळं नगरपालिकेचं की भोवतालच्या चौधऱ्यांचं, रिवाज किती जुना आणि तो शाबीत करायचं ओझं कुणावर, असे रुक्ष मुद्दे होते. महाड, ठाणे करत प्रकरण हायकोर्टात आलं आणि १७ मार्च १९३७ ला निकाल लागला: रिवाज शाबीत होत नाही. निकाल देणाऱ्या दोघांत ब्रूमफिल्ड होते, ज्यांनी १९२२ साली गांधीजींना शिक्षा सुनावली तेच. दहा वर्षं चाललेली ही लढाई मालमत्ता आणि पुरावा या दोन विषयांवर जिंकली गेली. कंटाळवाणे म्हणून मुलं टाळतात ते हेच दोन.

मुदतीचा कायदाही असाच. एका शाखेत तेलगिरणीचं कर्ज माझ्या टेबलावर होतं. मागणी वचनचिठ्ठीची मुदत तीन वर्षं. त्या आत कर्जदाराकडून कबुलीची सही घ्यायची असते. तारीख माझ्याही नजरेतून सुटली आणि आमच्या वकिलाच्याही. गहाणाचा कागद उत्तम होता, तारण भक्कम, पण चिठ्ठीवरचा दावा उभा राहीना, आणि वसुलीसाठी गहाणाची लांब वाट धरावी लागली. बाबासाहेबांनी मुदतीवर टिपणं काढून ठेवली होती हे मला त्यानंतर कित्येक वर्षांनी कळलं.

पुढचं भराभर सांगतो. १९२८-२९ मध्ये ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात प्राध्यापक होते. १९३५ च्या २७ मे रोजी रमाबाई गेल्या आणि १ जूनला ते त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९३८ पर्यंत होते. मधल्या काळात, १९३७ च्या सप्टेंबरात, कोकणातली खोती नष्ट करण्याचं विधेयक त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. जमिनीच्या लहान तुकड्यांवर त्यांचा निबंध तर १९१८ चाच होता. मग मजूर मंत्री, कायदा मंत्री, घटना. ते इथे सांगत बसत नाही. त्यांनी काढलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज काढलं, १९५३ ला वाणिज्य आणि अर्थशास्त्राचं कॉलेज, आणि १९५६ ला, म्हणजे त्यांच्या शेवटच्या वर्षी, विधी महाविद्यालय. नोकरी करून शिकणारी मुलं डोळ्यांसमोर होती, म्हणून वर्ग सकाळी. हा क्रमही बघण्यासारखा आहे. आधी वाणिज्य, मग कायदा. योगायोग असेल, पण मला तो आवडतो.

आमच्या मावळातच, तळेगावला, बाबासाहेबांचा एक बंगला आहे. लोणावळ्याहून लोकलनं फार वेळ लागत नाही. मुलीनं तो पाहिलेला नव्हता; कॉलेजला जाताना रोज तळेगाव स्टेशन लागतं, तरी. आता उतरून बघीन म्हणाली.

मग कागद पुढे ओढला. तिनं व्यापारी गटातले बँकिंग आणि दिवाळखोरी ठेवले. मैत्रिणींनी टाळायला सांगितलेल्या जमीन-कायद्याच्या पेपरवर खूण केली. ताळेबंद वाचायला कॉलेज शिकवत नाही, तो रविवारी संध्याकाळी माझ्याकडे शिकायचा ठरला. गाड्यांची रांग ओसरल्यावर. सॉलिसिटरांच्या दाराचं काय करायचं ते मी सांगू शकलो नाही आणि तिनंही पुन्हा विचारलं नाही.

निघताना तिनं त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीतून दुसरे कागद काढले. वडिलांचं साठेखत, अठरा पानांचं, कडा तेलकट झालेल्या. आईनं नको म्हटलं असताना घेऊन आली होती. आम्ही पहिल्या पानापासून सुरुवात केली. तारीख, पक्षकारांची नावं, गट क्रमांक, चतु:सीमा. सातबारा शेजारी ठेवून ताडून पाहिलं तर पूर्वेची बाजू जुळेना. चौथ्या पानावर होतो तेव्हा वीज गेली. मी मेणबत्ती शोधायला उठलो, तोवर तिनं मोबाइलचा दिवा लावून पाचवं पान उलटलं होतं.